आक्याच्या कॅमेऱ्याची सुई

आमच्या आक्याची मान डावीकडं जराशी कललेली हाय. बगणाऱ्याला वाटतंय, ह्यो माणूस कायम कुणाचं तरी गुपित ऐकतोय. तसं काय न्हाई. जलमभर बारक्या बारक्या वस्तूंत डोळा घालून बसला, ती मान तशीच ऱ्हायली. लगीन जमवायच्या वक्ताला पोरीच्या आईनं मला हळूच इचारलं हुतं, मान सरळ हुईल का वो म्हणून. मी म्हणलं, मान हुणार न्हाई, पण माणूस सरळ हाय. आता तुमाला काय पायजे ते ठरवा.

आकाराम म्हंजी माझ्या भावाचा ल्योक. भाऊ हरिबा, कुंडलचा, उसाचं रान राखून असलेला, आवाजानं बैल हालिवणारा. मला दिली आष्ट्याला. मला पोरबाळ न्हाई, तवा आक्याला नावं ठेवायचा पयला मान माझा. त्यो मी आजपत्तोर सोडलेला न्हाई.

ल्हान असताना ह्येनं काय काय उद्योग केलं ते सांगत बसले तर जेवाणवेळ हुईल. येकच सांगते. हरिबाच्या हिरीवर मोटंचं चाक हुतं, ते लय करकरायचं. आक्या धा वर्साचा. दोन दिस त्या चाकाम्होरं उकिडवा बसला, तिसऱ्या दिशी कण्याला काय चोपाडलं कुणाला ठावं, चाक मुकं झालं. शाबासकी मिळंल म्हणून घरी पळत आला. आता गंमत अशी, की हरिबा घरात पान खात बसायचा आन् त्या करकरीवरनंच त्येला कळायचं, मोट चाललीया का गडी झोपलाय. चाक मुकं झालं तसा गडीबी झोपला. दुपारी हरिबा बगायला गेला तर बैल उभं, पाट कोरडा, गडी सावलीत घोरतोय. आक्याला शाबासकी मिळाली, ती पाठीवर मिळाली. दोन दिस पालथा निजला. मी इचारलं, आता कळलं का? तर म्हणला, "आत्ती, कळलं. बिघाड काढायच्या आदी त्यो कुणाच्या उपेगाचा हाय ते बगाय पायजे."

धा वर्साचं पोरगं. तवाच मी म्हणलं, ह्यो एकतर साधू हुणार न्हाईतर लय मार खाणार.

लढाई लागली तशी आमच्या भागातली पोरं साताऱ्याला भरतीला गेली. आक्याबी गेला. छाती भरंना, उंची मात्र ताडागत. भरतीवाल्या सायबाच्या खोलीत भिंतीवर घड्याळ हुतं, ते बंद. बाकीची पोरं छाती फुगवून उभी, आन् आमचं हे ध्यान मान वाकडी करून घड्याळाकडं बगत उभं. सायबानं इचारलं, काय बगतोस? म्हणला, लंबक भिंतीला घासतोय, घड्याळ जरा तिरकं टांगलंय. सायबानं सरळ करून बगितलं. घड्याळ चाललं. आक्याला बंदूक मिळालीच न्हाई. त्येला धाडला वर्कशापात, तोफांच्या दुर्बिणी आन् व्हकायंत्रं दुरुस्त करायला.

मंग चार वर्सं त्यो मिसर, इटली आसा कुटं कुटं फिरला. शेचाळीसच्या उन्हाळ्यात सुटून आला. त्या सालांत कुंडलात काय काय घडलं ते सांगणारी दुसरी लय माणसं हायती, मी आपलं आक्याचं सांगते. बरुबरची पोरं आली ती मिशा पिळतच आली. कुणाच्या दंडाला गोळी लागलेली, कुणाच्या छातीवर बिल्ला. पारावर रोज लढाई नव्यानं व्हायची. आक्याला इचारलं, तू किती मारलं? म्हणला, येकबी न्हाई. मी दुर्बिणी पुसल्या. झालं. गावानं त्येचं नाव ठेवलं दुर्बीणपुश्या. खोटं कशाला सांगू, ते नाव आष्ट्यात मीच पोचवलं.

लढाईतनं त्येनं दोन वस्तू आणल्या. येक पत्र्याची डबी, तीत सुईएवढाली पेचकस, चिमटे आन् डोळ्याला लावायचं भिंग. दुसरा कॅमेरा. कॅमेरा त्येनं इटलीतल्या बाजारात येका म्हाताऱ्याकडनं घेतला. शिपायाला शिग्रेटी मिळायच्या, आक्या वडत न्हाई, त्येनं वरीसभर साठिवल्या आन् पुडकंच्या पुडकं देऊन कॅमेरा आणला. हरिबा म्हणला, शिग्रेटीच आणल्या असत्यास तर चार माणसांत वाटायला तरी झाल्या असत्या.

पण वस्तू भारी हुती बगा. कॅमेऱ्याच्या कपाळावर येक बारकं झाकण. ते उघडलं की आत मधाच्या पोळ्यागत घरं पाडलेली काच. काचंवर उजेड पडला की माथ्यावरच्या खिडकीतली केसाएवढी सुई उठायची. उजेड जास्त तेवढी सुई वर. मंग चकती फिरवून खूण सुईवर आणायची, की फोटू घ्यायला झडप किती वेळ उघडी ठेवायची ते आपूआप कळायचं. ह्येला बॅटरी न्हाई, काय न्हाई. काचंच्या आत काळसर पत्रा हाय, त्येच्यावर उजेड पडला की त्यो सवताच इतकुशी वीज करतो, आन् त्या विजंनं सुई उठती. मी म्हणलं, आमच्या घरात अजून वीज आली न्हाई आन् तुझा पत्रा उन्हात बसून वीज करतोय. मंग आमच्या जावंला वीज का करता येत न्हाई, ती तर दिसभर उन्हातच बसती.

आक्या माझ्याकडं आष्ट्याला येऊन ऱ्हायला, कारण आष्ट्याहून सांगली जवळ. सांगलीत धन्यकुमारअण्णांचा फोटूचा स्टुडिओ हुता. अण्णा म्हंजी जैनांतलं मोठं माणूस, तीस वर्सं फोटू काढणारं, बोलणं कमी, नजर लय. लढाईवरनं येणारी माणसं घड्याळं, कॅमेरे, दुर्बिणी घेऊन येत हुती आन् त्या बिघडल्या की दुरुस्त करायला मुंबईबिगर सोय न्हाई. अण्णांच्या मनात हुतं, दुकानाच्या दर्शनी बाजूला येक टेबल टाकावं आन् तितं दुरुस्तीला माणूस बसवावा. अण्णांचं सवताचं हातातलं उजेड मोजायचं यंत्रसुदीक गेल्या दिवाळीपास्नं मेलेलं पडलं हुतं. त्येनी आक्याला सांगितलं, दसरा झाला की तुझा कॅमेरा घेऊन ये, हात बगू तुझा.

इकडं हरिबानं निरोप धाडला हुता, की दिवाळीपत्तोर काय ते जमलं तर जमलं. न्हाईतर मुकाट कुंडलला यायचं, ऊस तोडायला आलाय. हरिबा बोलला की बोलला. म्हंजी आक्याला ते टेबल मिळालं तर दिवाळीच्या आत मिळालं पायजे, न्हाईतर पेचकसाची डबी माळ्यावर आन् हातात कोयता.

दसऱ्याला आक्या चार दिस कुंडलला गेला, डबी आन् कॅमेरा माझ्याकडं ठिवून. खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारांची पूजा आसती. मी पाट मांडला. त्येच्यावर इळा, खुरपं, नांगराचा फाळ, मालकांची कुऱ्हाड, आन् मधोमध आक्याची डबी आन् कॅमेरा. पोरगं ज्येच्यावर पोट भरणार ते हत्यारच की त्येचं. लय मनापास्नं पूजा घातली. शेजारच्या शालूबाईला बोलावून दाखिवलीसुदीक.

दसरा झाला, आक्या आला, कॅमेरा घेऊन सांगलीला गेला. मी तवा बरुबर न्हवते, पण काय झालं ते त्येनं सांगितलं. म्हंजी मी वडून काढलं. अण्णांच्या म्होरं, दुकानातल्या समद्यांच्या म्होरं ह्येनं झाकण उघडलं, कॅमेरा रस्त्याकडं धरला, आन् सुई उठंना. उन्हात धरला, उठंना. हलवून बगितला, उठंना. तितं फोटूंवर पेन्सिल फिरवून माणसं गोरी करणारा जवाहर म्हणून गडी हुता, अण्णांचा भाचा. त्यो म्हणला, "पावण्यांची सुई जेवून निजलीया." समदी हसली. अण्णा हसलं न्हाईत. ते येवढंच म्हणलं, सवताची वस्तू नीट कर आन् दिवाळीच्या आत दाखव. ज्येला आपलं दुरुस्त करता येत न्हाई त्येच्या हातात मी लोकांचं देणार न्हाई.

आक्या घरी आला त्यो जेवला न्हाई. मी तीन डाव चिडवून बगितलं, तरी चिडला न्हाई. तवा मी वळखलं, गडी लय दुखावलाय.

दुसऱ्या दिशी सोप्यात उन्हाची तिरीप आली तसा कामाला बसला. मीबी तांदूळ निवडायचं निमित्त काढून समोर बसले. आक्याची कामाची रीत मी तवा पयल्यांदा नीट बगितली. त्येनं पेचकसाला हातच लावला न्हाई. नुसता कॅमेरा हळूहळू तिरका केला. इकडं, तिकडं. खिडकीतली सुई जराशी डुलली. म्हणला, सुई अडकलेली न्हाई, मोकळी हाय. म्हंजी तिला उठायची ताकद मिळंना.

मंग माझ्याकडं लिंबू मागितलं. मी म्हणलं, नजर काढतोस व्हय? लिंबात येका बाजूला तांब्याचा भोकाचा पैसा खुपसला, दुसऱ्या बाजूला जुन्या बॅटरीच्या सेलाचा जस्ताचा तुकडा. कॅमेऱ्याच्या माथ्यावरची चकती तेवढी उचलून सुईची दोन टोकं उघडी केली आन् तार आन्, वीज बेतानं जावी म्हणून, वला दोरा लावून लिंबू त्या टोकांना जोडलं. आन् बगा, सुई उठली. माझ्या सुपातलं तांदूळ सांडलं. लिंबात वीज आसती हे मला साठ वर्सं लोणचं घालून कळलं न्हवतं. म्हंजी तवा मी चाळिशीतच हुते, पण बोलायची रीत हाय.

आक्या म्हणला, सुई चांगली. सुईमागचं तारंचं येटोळं चांगलं. आता दोनच गोष्टी ऱ्हायल्या. येकतर पत्रा वीज करंना, न्हाईतर केलेली वीज सुईपत्तोर पोचंना. पोचत नसंल तर माझ्या हातात हाय. पत्रा मेला असंल तर त्यो इंग्लंड-जर्मनीबिगर मिळणार न्हाई, आन् मंग इषय संपला.

आन् येवढं बोलून त्येनं कॅमेरा ठिवून दिला. त्या दिशी उघडला न्हाई. दुसऱ्या दिशीबी न्हाई. परड्यात लाकडं फोडली, माझ्या जात्याचा खुंटा बदलला, शालूबाईच्या दाराची कडी बसवली, पण कॅमेऱ्याला हात न्हाई. मला कळंना, आन् मंग कळलं. जवर उघडला न्हाई तवर पत्रा जित्ता असायची आशा हुती. दिवाळीला बारा दिस ऱ्हायलं हुतं. तिसऱ्या दिशी मी परात आणली, तीत धुवट धोतराचा तुकडा हातरला आन् त्येच्या म्होरं आदळली.

"आक्या, मढं झाकून ठिवल्यानं जित्तं हुत न्हाई. उघड."

त्यो हसला. बसला.

इस्क्रू म्हंजी मोहरीएवढाले. येकेक काढायचा आन् धोतरावर ज्या जागंचा त्या जागीच ठेवायचा, म्हंजी परातीत कॅमेऱ्याचा नकाशाच झाला. मी श्वाससुदीक बाजूला तोंड करून घेत हुते. पोळ्याची काच निघाली. तिच्याखाली पत्रा, काळसर, दिसायला धडका. आन् पत्र्याच्या कडंला पितळंची येक बारीक कडी दाबून बसवलेली, तीच पत्र्यावरची वीज उचलून तारंत देती म्हणं. आक्यानं भिंग लावलं आन् लय वेळ बगत बसला. मंग भिंग माझ्या हातात दिलं. ह्यात मला काय कळणार, पण बगितलं, आन् बगताक्षणी माझ्या तोंडातनं गेलं, "आगंबाई, हे तर कळकलंय."

कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ताक ठिवलं की हिरवं किटण धरतं न्हवं, तसंच. कडीवर हिरवा थर चढलेला. आक्या माझ्याकडं असा बगाय लागला जसं मी इंग्रजी बोलले. म्हणला, व्हय आत्ती, तेच झालंय. ह्या किटणातनं वीज जात न्हाई. पत्रा जित्ता असंल.

त्येचा जीव भांड्यात पडला आन् माझा भांड्यातनं भाईर आला. कारण पितळ आपूआप कळकत न्हाई. आंबट-गोड वलं काय तरी लागावं लागतं. आन् मला खंडेनवमी आठवली. पाटाम्होरं मी नारळ फोडला हुता आन् नारळाचं पाणी, रीतीपरमानं, समद्या हत्यारांवर शिपडलं हुतं. इळ्यावर चार थेंब. फाळावर चार थेंब. आन् कॅमेऱ्याचं झाकण उघडून, पोराचा धंदा चांगला चालावा म्हणून, त्येच्या डोळ्यावर चांगली वंजळभर. वर पदरानं पुसून, कातड्याच्या पिशवीत घालून बक्कल लावून ठिवलं हुतं. वलं सुकाय वाराबी मिळाला न्हाई.

मी गप बसले. मी गप बसले हे आष्ट्यात कुणाला सांगितलं तर इश्वास बसायचा न्हाई.

आक्यानं चिमट्यानं काचंच्या कडंचा येक बारका तंतू उचलला. नारळाच्या शेंडीचा. मंग इस्क्रूच्या खाचंतनं कुकवाचा कण काढला. दोन्ही धोतराच्या कडंला नीट ठिवलं. माझ्याकडं बगितलं, परत परातीकडं बगितलं, आन् म्हणला, "ओल लागलीया, आत्ती. निघंल."

येवढंच. त्येला समजलं हुतं, आन् मला समजलं की त्येला समजलंय. हरिबाच्या पोटी हे पोरगं कसं आलं, देवच जाणं.

मंग मी कामाला लागले. डाक्टरच्या कंपौंडरकडनं चमचाभर स्पिरिट आणलं. त्येला सांगितलं, गुडघं दुखत्यात. मी म्हणलं किटण चिंचंनं निघंल, तर आक्या म्हणला, आंबट आता ह्येच्या जवळ नगं. त्येनं तुरकाटीची काडी टोकदार केली, स्पिरिटात बुडवून बुडवून कडी सोडवली आन् भाईर काढून घासली. पत्र्याला नुसतं कोरडं फडकं, तेबी फुंकल्यागत. दीड दिस गेला. कडी सोन्यागत चकाकली. पण त्यो खूश हुईना. म्हणला, पितळ उघडं ऱ्हायलं तर फुडच्या पावसाळ्यात परत हेच.

तवा ही तुमची अडाणी आत्ती बोलली. मी म्हणलं, मंग कल्हई कर की. आमी पातेल्याला काय करतो? माझ्याकडं कल्हईवाल्यानं ठिवलेला कथलाचा तुकडा हुता, नवसागरबी हुता. आक्या उडालाच. म्हणला, वर्कशापात तारांच्या टोकांना कथीलच लावायचो, आन् माझ्या ध्यानात आलं न्हाई. परसात, कॅमेऱ्यापास्नं लांब, निखाऱ्यावर कडी चिमट्यात धरली आन् बोटाच्या पेरात मावंल येवढ्या कडीला आमी दोघांनी कल्हई केली. गरम पाण्यात तीन डाव धुतली, दिसभर उन्हात वाळवली. मी राखण बसले हुते, कावळा न्हेऊ न्हाई म्हणून.

परातीतला नकाशा उलटा जागेवर गेला. शेवटचा इस्क्रू बसला. आक्यानं अंगणात जाऊन झाकण उघडलं. मी डोळं मिटलं. उघडलं तवा त्यो कॅमेरा माझ्याकडं धरून उभा हुता आन् खिडकीत सुई उभी हुती. मान आणीक वाकडी करून हसला.

मी म्हणलं, झालं, चल सांगलीला. तर न्हाई. म्हणला, सुई उठती हे खरं, पण खरं बोलती का ते बगाय पायजे. फिलमच्या डबीत येक कागद असतो, त्येच्यावर लिवलेलं असतं, भर दुपारी उघड्या रानात झडप किती वेळ, सावलीत किती, ढगात किती. त्यो कागद घेऊन ह्यो माणूस तीन दिस भर दुपारी रानात उभा ऱ्हायला. येणारी-जाणारी मला इचारायची, तुमच्या भाच्याला काय झालंय? मी सांगायची, सूर्य बरुबर उगवतोय का ते तपासतोय. तिसऱ्या दिशी म्हणला, सगळीकडं सुई अर्धं घर, म्हंजी दोन खुणांमधलं अर्धं अंतर, कमी दावती. पत्रा जरा थकलाय. मी म्हणलं, अर्ध्या घराचं कोण बगतंय, अण्णाला सांगू नगंस. आक्यानं वहीत लिवून ठिवलं.

धनतेरसंच्या आदल्या दिशी आमी दोघं कोळशाच्या गॅसवरच्या मोटारीनं सांगलीला गेलो. वाटंत दोनदा मोटार थांबली, दोनदा आक्या उतरून भट्टीत बगून आला. मी पदर धरून बसवलं, म्हणलं आज येकच दुरुस्ती.

दुकानात अण्णा, जवाहर, दोन-चार गिऱ्हाइकं. मला आतल्या बाजूला बाकावर बसवलं. अण्णांनी कॅमेरा घेतला न्हाई, उठून सवता भाईर आलं. दुकानाच्या दारात उभं ऱ्हाऊन उजेडाकडं बगितलं, नुसत्या नजरंनं झडपंचा आकडा सांगितला. आक्यानं सुई बगून आकडा सांगितला. मंग समोरच्या बोळातल्या सावलीत. मंग दुकानाच्या आत, पडद्याजवळ. तीन जागी तीन आकडं, आन् दर डावाला आक्या म्हणायचा, सुई येवढं म्हणती, पण ती अर्धं घर कमी सांगती, म्हणून खरं येवढं. तिसऱ्या डावाला अण्णांची मान हालली, आन् त्येनी कॅमेरा हातात घेतला. तीस वर्सांची नजर आन् आक्याची सुई येकाच जागी आली हुती.

मी बाकावरनं उठायच्या बेतात, येवढ्यात जवाहरनं इचारलं, झालतं काय?

आक्या म्हणला, ओल लागली हुती. कडी कळकली हुती.

"इटलीत लागली न्हाई, हितं कोरड्या दिवसांत लागली?" जवाहर काय दुष्ट न्हवता, पण नाक खुपसायची खोड. म्हणला, पाण्यातच ठिवलं असंल कुटं तरी.

अण्णांच्या कपाळाला आठी पडली. त्येनी आक्याला शांतपणी इचारलं, खरं काय ते सांग. हात चांगला हाय तुझा. पण वस्तू वली ठेवणारा माणूस मला टेबलावर नगं. लोक बापजाद्यांच्या वस्तू इश्वासानं आणून देत्यात.

आक्या खाली बगत उभा. तोंडातनं फक्त निघालं, "माझ्याच हयगयीनं झालं, अण्णा."

अण्णांनी कॅमेरा त्येच्या हातात परत दिला. तवा मला कळलं. ह्यो गाढव माझ्या नारळापायी कोयता हातात घेणार हुता, आन् जलमभर मला बोलून दावणार न्हवता. बोलून दाखिवलं असतं तर येक येळ सोसलं असतं मी.

मी उठले. पदर खोचला.

"अण्णा, त्यो खोटं बोलतोय. हयगय त्येची न्हाई. खंडेनवमीला त्येच्या माघारी मी पूजा घातली आन् नारळाचं पाणी त्या काचंवर वतलं. थेंबभर न्हाई, वंजळभर. टेबल द्या न्हाईतर देऊ नगा, पण कारण ह्ये हाय."

आक्या म्हणला, "आत्ती, कशाला." मी म्हणलं, तू गप.

अण्णा माझ्याकडं बगतच ऱ्हायलं. मंग आत गेलं आन् कपाटातनं येक वस्तू घेऊन आलं. तेच त्येंचं हातातलं उजेड मोजायचं यंत्र, गेल्या दिवाळीपास्नं मेलेलं. ते त्येनी आक्याच्या हातात दिलं. आक्यानं खिशातनं भिंग काढलं, काचंच्या कडंवर धरलं, आन् भिंग तसंच अण्णांच्या म्होरं केलं. कडंच्या खाचंत कुकू हुतं. चांगलं गच्च बसलं हुतं.

अण्णा खाली बसलं. दिवाळीला त्येंच्यात वहीची पूजा हुती, तवा दुकानातल्या वस्तूबी मांडत्यात. मांडली कुणी, तर त्येंच्या कारभारणीनं, चंदनबालाबाईंनी, लय भक्तीनं, आन् नारळ फोडला ह्या जवाहरनं. जवाहरचं तोंड बगण्यासारखं झालं. मी त्येला म्हणलं, "भाऊ, तुमची सुईबी जेवून निजली वाटतं." ह्या डावाला अण्णासुदीक हसलं. हसत हसत डोळं पुसलं, म्हणलं, वरीसभर मी ह्येला मुंबईला धाडायचं धाडायचं म्हणतोय, आन् बिघाड देवघरातच हुता.

टेबल पाडव्याला लागलं. दर्शनी बाजूला, उजेडाच्या तोंडावर, जसं आक्यानं सांगितलं तसं. पयलं काम अण्णांच्या यंत्राचं. आतली कडी काढली, घासली, आन् कल्हई करायला ह्यो माणूस कडी कागदात गुंडाळून आष्ट्याला माझ्याकडं घेऊन आला. सांगलीत काय कथील मिळत न्हवतं व्हय? पण म्हणला, आत्ती, ह्या कामाची उस्ताद तू. फुडं दोन वर्सांत मिरजंपास्नं, कोल्हापुरापास्नं वस्तू यायला लागल्या. आणणारी माणसं म्हंजी कुणी डाक्टर, कुणी सायेब. आक्या परत्येकाला पयला परश्न त्योच इचारायचा, पूजेला मांडली हुती का वो ही? आन् लय जणांचं तोंड जवाहरसारखं व्हायचं.

हरिबा पयलं वरीसभर गेलाच न्हाई. मंग गूळ घेऊन सांगलीला गेला तवा वाट वाकडी करून बाजाराच्या त्या गल्लीत गेला, दुकानात शिरला न्हाई, समोरच्या पारावर बसून ऱ्हायला. घरी येऊन मला निरोप धाडला. निरोप काय, तर पोरगं मान वर न करता काम करतंय, म्होरं कोण बसलंय ह्येचंबी ध्यान न्हाई. मी समजले. हरिबाच्या तोंडातनं ह्येच्यापेक्षा गोड काय निघत न्हाई. ज्येनं मोटंचं चाक मुकं केलं म्हणून मारलं, त्यो त्या पोराचं मुकं काम तासभर ऐकत बसला हुता.

खंडेनवमीला मी आता सांगलीला जाते. आक्या टेबल पुसून ठेवतो, पेचकसं वळीनं मांडतो, भिंग मांडतो, गिऱ्हाइकांच्या वस्तू कपाटात घालून कुलूप लावतो आन् किल्ली कनवटीला. इटलीचा कॅमेरा मात्र मांडतो, झाकण बंद करून. मी कोरडं कुकू पेचकसाच्या मुठींना लावते, कॅमेऱ्याच्या पिशवीवर झेंडूचं येक फूल ठेवते. नारळ मी आणतेच, त्येच्याबिगर पूजा कसली. त्यो मात्र दुकानाच्या पायरीखाली, रस्त्यावर फोडायचा, आन् मी फोडंपत्तोर आमचा आक्या दारात दोन्ही हात पसरून उभा असतो, मान वाकडी करून, माझ्या वंजळीकडं डोळा ठिवून.